डेन्झिलच्या भिंतीवरचे टायर

डेन्झिल कटलिपच्या गॅरेजात शिरलं की आधी रबराचा वास यायचा, मग करपलेल्या कॉफीचा, आणि डोळे अंधाराला सरावले की समोर ती भिंत दिसायची. भिंतीत खिळे आणि खिळ्यांवर एकतीस टायर. सगळे मागच्या चाकाचे, सगळे झिजून मेलेले. प्रत्येकाच्या कडेवर खडूने साल, किती मैल चालला तो आकडा, आणि एकदोन शब्दांत त्याचा स्वभाव. ‘प्रामाणिक.’ ‘पावसात घाबरट.’ ‘आठ हजारांपर्यंत सोनं, पुढे हट्टी.’ ‘आवाज फार, काम थोडं.’ या शेवटच्याखाली कुणीतरी आमच्यातल्याच बर्ल स्किडमोरचं नाव लिहून ठेवलं होतं. बर्लने ते वाचलं, हसला, आणि पुसलं नाही.

आणि प्रत्येकाखाली सही. डी. सी.

आमचं बकहॉर्न हे खाणींचं गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. कोळसा संपला, शाळा दुसऱ्या गावात गेली, पण जड मोटरसायकली राहिल्या. जड म्हणजे चारशे किलोच्या, सहा सिलिंडरच्या, आडव्या झाल्या तर दोघांनी मिळून उभ्या कराव्या लागतील अशा. असल्या गाडीचं मागचं चाक म्हणजे सगळा संसार. जोर तिथून लागतो, माणसं आणि सामान त्याच्यावर बसतं, झिजतं तेही तेच. पुढचा एक टायर संपेपर्यंत मागचे दोन होतात. मागचा कुठला घ्यावा यावरून आमच्याकडे माणसं जेवढी भांडतात तेवढी निवडणुकीवरून भांडत नाहीत.

ते भांडण मिटवायचं काम डेन्झिलचं. दर मार्चमध्ये तो आपल्या गाडीला वेगळ्या जातीचा टायर चढवायचा आणि ठरलेली सेहेचाळीस मैलांची फेरी मारायचा. आधी नदीवरचा लोखंडी जाळीचा पूल. मग सतरा वळणं. मग तो उतार, जिथे कातळातून बाराही महिने पाणी पाझरून रस्त्यावर येतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बावीस गाड्या त्याच्या दारात उभ्या राहायच्या आणि तो सांगायचा. तो बोलला की वाद संपला.

हे वजन त्याच्या शब्दाला कुठून आलं, ते जुन्या लोकांना ठाऊक होतं. डेन्झिल आधी डोंगरावरच्या उघड्या खाणीत होता, डंपरच्या टायरांवर. एकेक टायर दीड पुरुष उंच. टायरवर तळवा ठेवून तो आतलं सांगायचा. एका सकाळी त्याने एका टायरवर हात ठेवला, तो नको तेवढा गरम लागला. मुकादमाला घाई होती. डेन्झिल म्हणाला, “जरा गरम वाटतोय.” मुकादम म्हणाला, “ऊन आहे.” डेन्झिल पुढे काही बोलला नाही. दहा मिनिटांनी तो टायर फुटला आणि त्याचा जोडीदार एस्टिल जागच्या जागी गेला.

पहिला खिळा त्याने त्याच वर्षी भिंतीत मारला. टायरबद्दल अर्धं बोलायचं नाही, एवढाच त्याचा नेम होता, आणि तो त्याने कधी मोठ्याने बोलून दाखवला नाही.

यंदाचा प्रश्न मोठा होता. मोटारीचा टायर.

म्हणजे कारचा टायर, मोटरसायकलच्या मागच्या चाकाला. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण जड गाड्यांना तो बसतो आणि तिप्पट चालतो. मोटरसायकलचा टायर गोल पोटाचा असतो, गाडी वळणात कलली की तोही पोटावर लोळतो. मोटारीचा सपाट असतो, पाटासारखा. गाडी कलली की तो आपल्या काठावर उभा राहतो. डेन्झिलने वीस वर्षं त्याला हात लावला नव्हता. “मी बूट पायात घालतो, हातात नाही,” एवढंच म्हणायचा. पण आता नऊ जणांनी तो मागवून ठेवला होता आणि बाकीचे तेरा डेन्झिलच्या तोंडाकडे बघत होते.

मेअखेरीस डेकोरेशन डे. त्या दिवशी सगळे जण मागे बायका, बहिणी, आया बसवून, फुलांच्या पेट्या बांधून डोंगरावरच्या कबरस्तानांत जातात. खाणीत गेलेल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, गवत काढायचं, फुलं ठेवायची. एस्टिलची कबर सगळ्यात वर आहे. रस्ता अरुंद आणि ओला, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काही नाही.

म्हणून डेन्झिलने तो टायर चढवला, आणि एप्रिलच्या त्या शनिवारच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, फेरी मारून परत आला.

पुढचं ओलीटाने स्वतःच सांगितलं, दोघांचेही आवाज काढून. ओलीटा त्याची बायको. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून, गेली चार वर्षं, ती काठी घेऊन चालते. ती त्याच्यासाठी राजम्याचं वाडगं आणि मक्याचा पाव घेऊन गॅरेजात आली आणि जुन्या सवयीने तिने जाता जाता मागच्या टायरला काठीने ठोकलं. पूर्वी ती गाडीवरून उतरली की बुटाच्या टाचेने ठोकायची. भरलेला टायर टण्णकन वाजतो. हा वाजला, भद्द.

“डेन्झिल.”

“हं.”

“हवा किती भरली होतीस?”

“एक्केचाळीस. सकाळीच. का?”

“मीटर दे.”

“अगं, जेवू दे की.”

“मीटर दे.”

काटा एकोणीसवर थांबला. ओलीटाने बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या मुळाशी फिरवली. थुंकीचा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा आला.

“जाळीच्या पुलावर कळलं नाही?”

“वारा होता.”

“सतरा वळणांवर?”

“नवीन टायर आहे, म्हटलं असाच असेल.”

“दिसायला भरलेला दिसतो, कबूल. बाजू कडक आहे त्याची. पण एकोणीस पौंडांवर चारशे किलोची गाडी, कंबर हलली असेल की रे तिची! माझ्या आईला कळलं असतं, आणि ती तर प्रवचनातसुद्धा झोपायची.”

डेन्झिलने चमचा खाली ठेवला. उलट्या डब्यावर बसून त्याने उजवा बूट काढला. बूट उलटा झाला तसं त्यातून काहीतरी जमिनीवर पडलं आणि खळखळत टेबलाखाली गेलं. ओलीटाने काठीने ते ओढून बाहेर काढलं. नट होता.

“हा मंगळवारपासून शोधत होतो मी,” डेन्झिल म्हणाला.

मोजा रक्ताने कडक झाला होता. ओलीटा म्हणते, मी रडले नाही, कारण आधी गरम पाणी आणायला हवं होतं. पाय टबात घेतल्यावर तिने विचारलं, “कधीपासून?”

“दोन हिवाळे.”

“डॉक्टर?”

“साखर म्हणाली. नसा गेल्यात म्हणाली. परत येत नाहीत.”

“आणि हात?”

त्याने बोटं उघडमीट करून बघितली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. “सुरुवात झालीय.”

“म्हणजे गाडी कुठे चाललीय ते तुला कळतच नाही.”

“डोळ्यांना कळतं.”

“मागचं चाक डोळ्यांना दिसतं?”

तिने पाय पुसला, पट्टी बांधली, आणि भिंतीकडे बघितलं. एकतिसाव्या टायरवर, गेल्या वर्षीच्या, लिहिलं होतं, ‘समजूतदार.’

“हे कुठून आणलंस?”

“बाकीच्यांनी तो लावला होता. त्यांना विचारलं. सगळे म्हणाले, समजूतदार.”

“आणि त्यांनी का लावला होता?”

“मी म्हणालो म्हणून.” त्याने तोंड फिरवलं. “ओलीटा, शनिवारी मी म्हणेन, चांगला आहे. देशभरात लोक लावतायत. हजारो. काही होत नाही.”

“म्हण की. मी काय अडवतेय?” ती वाडगं उचलून दाराशी गेली आणि तिथून न वळता म्हणाली, “एस्टिलच्या वाटेने जाणार आहेत ते. एवढं फक्त लक्षात ठेव.”

शुक्रवारी त्याने व्हॉल्व्ह बदलला. दोन तास लागले. पूर्वी वीस मिनिटं लागायची.

शनिवारी सकाळी गॅरेजाबाहेर मोठ्या तव्यावर बटाटे आणि रॅम्प्स परतत होते. रॅम्प्स म्हणजे डोंगरातली रानपात. खाल्ली की तीन दिवस माणसाजवळ उभं राहवत नाही, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये सगळेच खातात म्हणून कुणाचं अडत नाही. बावीस गाड्या उताराला तोंड करून उभ्या होत्या. बर्ल स्किडमोर तोंडात बटाटा भरून सगळ्यांच्या वतीने बोलत होता.

“डेन्झिल, लवकर सांग बाबा. माझा मोटारीचा टायर पलंगाखाली पडलाय. बायको म्हणते, एक तर तो झोपेल या घरात, नाही तर मी.”

“टायर निवड,” कुणीतरी ओरडलं. “तो तिप्पट टिकतो!”

सगळे हसले. डेन्झिल भिंतीसमोर येऊन उभा राहिला. एरवी तो टायरवर हात ठेवून बोलायचा. आज त्याने दोन्ही हात खिशात घातले होते.

“मी फेरी मारली,” तो म्हणाला. “गुरुवारी. सेहेचाळीस मैल.”

“मग?”

“निघताना एक्केचाळीस पौंड हवा होती. आलो तेव्हा एकोणीस.”

“पंक्चर?”

“व्हॉल्व्ह. मीच बसवला होता. वाकडा बसला.” तो थांबला. “मला कळलं नाही.”

“हवा गेल्याचं?”

“काहीच. माझे पाय गेलेत, बर्ल. तळव्याखाली काय आहे ते दोन वर्षं मला कळत नाही. गाडी रस्त्यावर आहे की गवतात, हे मी डोळ्यांनी बघून सांगतो. गेल्या वर्षी तुम्हाला सांगितलं ते अंदाजाने, आणि भिंतीवर लिहिलं ते तुमच्याकडूनच ऐकून.”

तव्यावर पात करपायला लागली, पण कुणी हललं नाही. बर्लने घास गिळला. त्याची बायको मागे बसते आणि तिच्या मागच्या पेटीत त्यांच्या मुलाच्या कबरीची फुलं असतात. गेल्या वर्षीही होती.

“हे तू मला गेल्या वर्षी सांगायला हवं होतंस,” बर्ल म्हणाला. आवाजात गंमत नव्हती.

“हो.”

“डेन्झिल, मी डोळे मिटून लावला तो टायर.”

“हो, बर्ल. माहीत आहे मला.”

मग ट्वायला हॅम्रिकने हळूच विचारलं. ती शाळेची बस चालवते आणि तिची गाडी डेन्झिलच्या गाडीची जुळी बहीण आहे, फक्त रंग वेगळा. “मिस्टर डेन्झिल, मग आता सांगणार कोण?”

डेन्झिलने खिशातून एक हात काढला आणि ओलीटाकडे दाखवलं. ती बाकावर काठी टेकून बसली होती.

“मी?” ओलीटा म्हणाली. “मला गाडी चालवता येत नाही. मला सायकलसुद्धा नीट येत नाही.”

“मागचं चाक चालवणाऱ्याला कळत नसतं,” डेन्झिल म्हणाला. तो आता तिच्याशीच बोलत होता, बाकीचे नुसते ऐकत होते. “चालवणाऱ्याच्या हातात पुढचं चाक. मागचं ज्याच्या खाली असतं त्याला कळतं. सत्तावीस वर्षं तू तिथे बसलीस. डाव्या खांद्यावर एक टिचकी म्हणजे मागून घसरला. दोन म्हणजे ठीक. सबंध हात ठेवलास की मी हळू करायचो. घरी येऊन मी तेच खडूने लिहायचो.”

“तू तर म्हणायचास, मागे स्वस्थ बस म्हणून.”

“म्हणायचो.”

“दर फेरीला म्हणायचास. मला वाटायचं, चिडतोस.”

“चिडायचोच. मला कळायच्या आधी तुला कळायचं.”

ओलीटाने त्याच्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. ती म्हणाली, “लबाड माणसा,” पण असं, की आम्हाला मान खाली घालावीशी वाटली. मग काठीवर भार देऊन ती उठली. “ट्वायला, चालवशील?”

“चालवेन की.”

“मी ओरडेन हं. तुझ्या बसमधल्या पोरांपेक्षा जास्त.”

“ओरडा, मिस ओलीटा. मला मान न वळवायची सवय आहे.”

डेन्झिलने किल्ली ट्वायलाच्या हातावर ठेवली. “हवा तू स्वतः मोज. मी मोजलीय, पण माझं धरू नकोस.” एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

दुधाच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट आणला, त्यावर दुसरा ठेवला. ओलीटा चढताना दोघांनी तिला धरलं, खुब्यातून कळ आली तेव्हा तिने एक शिवी हासडली जी रविवारी चर्चमध्ये चालली नसती. मग ती बसली. पाठ ताठ, हात मोकळे. जागा तिच्या ओळखीची होती.

गाडी उतारावरून गेली आणि डेन्झिल दारात उभा राहिला. त्याची गाडी त्याच्याशिवाय जाताना त्याने पहिल्यांदाच बघितली. त्याच्या कानांना अजून काही झालं नव्हतं. थोड्या वेळाने खालून एक लांब घुमणारा सूर आला, लोखंडावर रबराचा.

“पूल,” तो म्हणाला.

सूर थांबला. त्यानंतर डोंगरापलीकडचं काही ऐकू येत नाही, तरी तो ऐकत उभा राहिला. कुणी त्याला खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही. बर्ल जवळ आला. दोघं शेजारी उभे राहिले.

सव्वा तासाने पुन्हा पुलाचा सूर आला. आल्या आल्या ओलीटा म्हणाली, “कुणी काही विचारू नका. दुसरी गाडी काढा.” अर्धा कप कॉफी पिऊन ती ट्वायलाच्या स्वतःच्या गाडीवर चढली, त्याच रस्त्याला, नेहमीच्या गोल टायरवर. तिचा चेहरा पांढरा पडला होता. डेन्झिल म्हणाला, “ओलीटा, पुरे. खुबा...”

“मागे स्वस्थ उभा राहा,” ती म्हणाली.

परत आली तेव्हा तिला उतरवून बाकावर बसवावं लागलं. सगळे भोवती जमले. तिने आधी ट्वायलाला विचारलं, “पाण्याच्या उतारावर मी काय केलं?”

“पहिल्या फेरीला सबंध हात ठेवलात, मिस ओलीटा. दुसऱ्या फेरीला दोन टिचक्या.”

“तुला काही कळलं होतं?”

ट्वायलाने मान हलवली. “मला दोन्ही वेळा सारखंच वाटलं.”

“ऐका मग,” ओलीटा म्हणाली. “सरळ रस्त्याला मोटारीचा टायर उत्तम. जाळीच्या पुलावर तर तोच बरा, हलतच नाही. ब्रेकला बरा. टिकेल तिप्पट, यात खोटं नाही. पण ओल्या वळणावर गाडी कलते तेव्हा तो मध्येच थांबतो. एवढंसंच, डोळ्याची पापणी लवते तेवढं. काठावर उभा राहून विचार करतो, मग कलतो. पुढे बसणारा तेवढ्यात हँडल जरा जास्त दाबतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण मागे जो बसलाय तो तेवढ्या वेळात दरीच्या अंगाला सरकतो. त्याने तोल सावरायला अंग उलटीकडे टाकलं तर गाडी उभी राहील आणि सरळ जाईल.” तिने हाताने सरळ दाखवलं. तिकडे काही नव्हतं. “एकटा जाणार असाल तर लावा. कुणाला मागे बसवणार असाल तर लावू नका.”

बर्लने आपल्या बायकोकडे बघितलं. “पलंगाखालीच राहील तो,” तो म्हणाला, आणि हसण्याचा प्रयत्न केला.

डेन्झिलने खडू घेतला. आपल्या गाडीच्या मागे जमिनीवर बसला आणि नव्या टायरच्या कडेवर लिहायला लागला. बोटांना किती जोर लागतोय ते कळेना, खडू मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. तिसऱ्याने त्याने सावकाश, शाळेतल्या मुलासारखी अक्षरं काढली. ‘एकट्याचा.’ खाली, ओ. सी.

मग तो उठून भिंतीपाशी गेला.

“ते राहू दे आता,” ओलीटा बाकावरून म्हणाली. “मेलेले टायर आहेत ते.”

“मेलेल्यांवर नाव बरोबर नको?”

बर्लने न विचारता शिडी आणली आणि धरून उभा राहिला. डेन्झिलचे पाय पायऱ्यांवर नीट पडतायत का ते तोच बघत होता. “अजून एक वर... हं... आता डावा.” सत्तावीस टायरांवर डेन्झिलने आपल्या सहीशेजारी दुसरी सही केली. ओलीटा मागे नसतानाच्या शेवटच्या चारांपाशी तो थांबला. तिघांना हात लावला नाही. एकतिसाव्याला बाहीने पुसलं, ‘समजूतदार’ गेलं, आणि त्या जागी त्याने लिहिलं, ‘माहीत नाही.’

खाली सही त्याचीच होती. ती त्याने तशीच ठेवली.